डावा हात

पोर्टनॉकीत निम्मं गाव मेअर आडनावाचं.
पोस्टमननं गोंधळू नये म्हणून घराघराला टोपणनाव,
तेही कोळशाच्या पावतीवर छापलेलं.
एल्स्पेटचं घर 'बॉबिन'. का, ते कुणालाच आठवत नाही.

तिची आई हेरिंगच्या मागे मागे हिंडली,
शेटलंडपासून यारमथपर्यंत,
बोटांना चिंध्या गुंडाळून मासे साफ करत.
चिंधीतूनही मीठ आत जायचंच.
ती डावखुरी. म्हणून कायम टोकाला उभी,
नाहीतर सुरीला सुरी लागायची.
चिरायचं, उपसायचं, फेकायचं,
चौथ्याला श्वास.
एल्स्पेटनं ताल शिकला तो एवढाच.

मी डॉड पिरी. एकोणीस वर्षं तिची व्हॅन हाकली.
मागे गिटार, दोन ब्लँकेटं, रेकॉर्डचं खोकं
आणि एक स्टोव्ह, जो फक्त माझंच ऐकायचा.
थर्सो, ओबन, डंडीतला जिन्याखालचा क्लब,
जिथं मान वाकवून गावं लागे.
विकला बर्फामुळे एकच म्हातारा आला.
म्हणाला, मी जातो, तुम्हाला उगाच त्रास.
तिनं त्याला पुढच्या खुर्चीत बसवलं
आणि चौदाच्या चौदा गाणी म्हटली,
मध्यंतरासकट.

लंडनच्या कंपनीनं एकदाच बोलावलं.
तिच्या आवाजाखाली बारा व्हायोलिनं अंथरली,
दगडी फरशीवर गालिचा घालावा तशी.
कव्हरवर शाल पांघरून तिला उभं केलं
तिनं जन्मात न पाहिलेल्या किल्ल्यापुढे.
सहाशे बारा प्रती खपल्या.
उरलेल्या पलंगाखाली गेल्या.
पलंगाचा एक पाय आखूड, त्याखाली चार लावल्या.
"कुणाला तरी आधार झाला," म्हणायची.

आई गेली त्या आठवड्यात
ओट्याशी उभ्याउभ्या, गॅसच्या बिलामागे
तिनं एक गाणं लिहिलं.
किटली शिट्टी देत होती, ती बंद करेना,
म्हणून मी केली.
ते कुठल्याच रेकॉर्डवर नाही.
पाचेक वर्षं गायली. मग वरचे सूर गेले,
त्यांच्यामागून बोलावणी.
बकीच्या शाळेत ती जेवण वाढू लागली.
पोरांना एवढंच ठाऊक होतं,
बटाटेवाली बाई गुणगुणते.

आणि मग कलनच्या पबमधली ती रात्र.
दाढीवाला पोरगा, इनव्हर्नेसकडचा,
बिअरचा ग्लास स्टुलाखाली सरकवत म्हणाला,
"आता एक पारंपरिक. कर्ता अज्ञात.
दोनशे वर्षं तरी जुनं असावं."
पहिल्या ओळीलाच मी उठलो.
तिनं बाही धरून मला खाली बसवलं.
पोरगा बरा गात होता. खोटं कशाला बोलू, फारच बरा.
फक्त तिसऱ्या कडव्यात
सुरी त्यानं उजव्या हातात दिली.

संपल्यावर ती कोटाची बटणं लावून त्याच्याकडे गेली.
"डाव्या हातात. डावखुरी होती ती."
"कोण?"
"गाण्यातली."
त्यानं अदबीनं वही काढली.
"म्हणजे पाठभेद आहे तुमच्याकडे! कुठून मिळाला?"
"स्वयंपाकघरातून," ती म्हणाली.
त्यानं ते लिहून घेतलं.

घरी येताना मी गिअरवर राग काढत होतो.
रेल्वेच्या जुन्या पुलाखाली तिनं विचारलं,
"किती वर्षं म्हणाला?"
"दोनशे."
ती एकटीच हसत राहिली,
थेट बंदराच्या दिव्यांपर्यंत.
मला तेव्हाही कळलं नाही. आजही नीटसं नाही.

तिला जाऊन तीन हिवाळे झाले.
त्या पोराची रेकॉर्ड परवा हातात आली.
तिसरं कडवं दोनदा लावलं: डावा हात. बरोब्बर.
कव्हरवर, गाण्याच्या नावाखाली, बारीक अक्षरात
तेच. पारंपरिक.

पेन घेऊन बसलो.
पूर्ण नाव लिहायला त्या ओळीत जागा नव्हती.
'बॉबिन' एवढंच लिहिलं.
गावाला पुरे.